कॅरलबाई, तुमच्या पुस्तकावर शिकलेल्या एका बेसवालीचं पत्र

आदरणीय कॅरल के बाई,

सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी डोंबिवलीची. हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार (खालच्या, जाड सुरांची चार तारांची गिटार) वाजवते आणि आता घरी शिकवतेही. मी शिकले ती तुमच्या पुस्तकावर. आमच्या इमारतीत एक गोवेकर अंकल राहायचे, क्रूझवरच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. एकदा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी 'हाउ टू प्ले दि इलेक्ट्रिक बेस' माझ्या हातात ठेवलं. बोटीवरचा कुणी बेसवाला उतरताना मागे ठेवून गेला होता म्हणे. अंकल एवढंच म्हणाले, "लिहिणारी बाई आहे. वाच."

हे पत्र मराठीत लिहितेय ते मुद्दाम. तुमच्यापर्यंत पोचलं तर कुणीतरी अर्थ सांगेलच. पण आमच्याकडच्या बेसवाल्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं, आणि अमेरिकेतल्या एवढ्या गाजलेल्या गाण्यांवर तुम्ही स्टुडिओत बेस वाजवलात तरी त्यातल्या बऱ्याच जणांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही. म्हणून तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगण्याचा आगाऊपणा करते.

तुमचा जन्म १९३५ चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट गावचा. वडील ट्रॉम्बोन वाजवायचे, आई पियानो. ऐकायला मोठं संगीताचं घराणं वाटतं, पण घरात पैशांची ओढाताणच होती. १९४२ मध्ये पियानो विकून आलेल्या पैशांत सगळे कॅलिफोर्नियात विल्मिंग्टनला आलात. पुढे आईवडील वेगळे झाले, तुम्ही आईजवळ राहिलात. त्या माउलीने पै-पै साठवून, फिरत्या विक्रेत्याकडून तुम्हाला स्टील गिटार घेऊन दिली. मग लॉन्ग बीचला होरेस हॅचेट यांच्याकडे शिकायला जाऊ लागलात, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या हाताखाली इतरांना शिकवायलाही लागलात. साल १९४९, वय १४.

तुमच्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडलेली जागा हीच. आपल्याकडे कलाकार आधी मैफिली गाजवतो, थकला की क्लास काढतो. शिकवणं म्हणजे पेन्शन. तुमचं उलटं. शाळकरी वयात शिकवणी, आणि नाव व्हायला अजून कितीतरी अवकाश. आपल्या हाताला जे जमतं ते दुसऱ्याला शब्दांत सांगायची सवय तुम्हाला इतक्या लवकर लागली, म्हणूनच पुढचं सगळं झालं असावं असा माझा तर्क आहे.

पन्नाशीच्या दशकात हेन्री बसी यांच्या डान्स बँडबरोबर दौरे केलेत, मग लॉस एंजेलिसच्या क्लबांमध्ये रात्री बीबॉप नावाच्या प्रकारचं जॅझ. दिवसा टायपिस्टची नोकरी, कारण मुलं होती, आई होती, आणि जॅझवर घर चालत नव्हतं. (हे वाचून आमच्याकडचे कितीतरी तबलजी मान डोलावतील. दिवसा बँक किंवा पोस्ट, रात्री कार्यक्रम.) १९५७ मध्ये एका क्लबात बम्प्स ब्लॅकवेल या निर्मात्याने तुमची गिटार ऐकली आणि गायक सॅम कुक यांच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. स्टुडिओचं दार उघडलं ते तिथे. पुढच्याच वर्षी रिची व्हॅलेन्सच्या 'ला बाम्बा'मध्ये ताल धरणारी गिटार तुमची होती. ते गाणं आमच्या गॅदरिंगमध्येही वाजायचं, आणि त्यात एक बाई वाजवते आहे हे आम्हा कुणाच्या गावी नव्हतं.

बेस मात्र ठरवून हातात घेतला नाहीत. १९६३ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्सच्या एका रेकॉर्डिंग सेशनला बेसवाला आलाच नाही, आणि ते वाद्य तुमच्याकडे आलं. तोवर तिशी जवळ आली होती. गिटारवाल्याला सेशनला चार प्रकारच्या गिटारी ओढत न्याव्या लागत, बेसवाल्याला एक वाद्य पुरे, हा फायदा तुम्ही लगेच हेरलात. मला हा हिशेब फार आवडतो. साक्षात्कार वगैरे काही नाही, ओझं कमी झालं. पण बेसच्या चार तारांवर गाण्याची चालच फिरवता येते हेही त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमच्या लक्षात आलं.

आता माझ्यावर तुमचे उपकार कुठे आहेत ते सांगते.

पहिलं म्हणजे हात. बेसची तार खालच्या टोकाच्या आधारापासून, म्हणजे ब्रिजपासून, मानेच्या वरच्या टोकाच्या नटपर्यंत ३४ इंच. मी सुरुवात केली तेव्हा जो तो माझ्या पंजाकडे बघून "तुझा हात लहान आहे, कीबोर्ड घे" म्हणायचा. तुम्ही नटाजवळच्या, खालच्या सुरांच्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी वापरायला सांगता. अनामिका करंगळीच्या पाठीशी, तिला जोर द्यायला. डबल बेसवाले (उभ्याने वाजवायचा मोठा बेस वाजवणारे) पूर्वीपासून हेच करत आले आहेत. एकेका फ्रेटला एकेक बोट ताणायचा अट्टहास सोडला आणि माझं मनगट दुखायचं थांबलं. कीबोर्ड घ्यायची वेळ आली नाही.

दुसरं, पट्टी. आमच्या वाद्यवृंदात गायिका येते आणि सांगते, "काळी एकमध्ये घ्या." काळी एक म्हणजे सी शार्प. बेसच्या चार उघड्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारा ई, ए, डी आणि जी. काळी एकच्या मेजर (सगळे शुद्ध स्वर असलेल्या) सप्तकात यातली एकही तार बसत नाही. उघड्या तारांच्या भरवशावर शिकलेला माणूस तिथे उघडा पडतो. तुमचा आग्रह असा की सप्तक वर-खाली धावत बसू नका, कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचे) स्वर बोटांत बसवा. तो आकार एकदा बसला की अख्खाच्या अख्खा उचलून कुठेही नेता येतो. त्या आकारांनी मला आजवर तारलंय. गायकाचा घसा बसला आणि ऐन कार्यक्रमात पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, तर कीबोर्डवाला बटण दाबतो. आम्हाला बटण नाही. आम्हाला तुम्ही आहात.

तिसरं मेट्रोनोम, टिकटिक करून लय देणारं यंत्र. चार मात्रांच्या चक्रात टिकटिक पहिलीवर नको, दुसरीवर आणि चौथीवर ठेवा, हे तुमचं सांगणं. आम्ही समेवर वाढलेली माणसं. ठेका सम दाखवतो, आपण तिच्यावर येतो, श्रोते मान हलवतात. तुमच्या रीतीत पहिली मात्रा यंत्र देतच नाही, ती ज्याची त्याने आणायची. सुरुवातीला मला वाटायचं की यंत्रच चुकतंय. पण त्या सरावाने लय बाहेरून ऐकायची गोष्ट राहिली नाही, आणि ढोलकीवाला रंगात येऊन पळायला लागला की त्याला धरून ठेवणं जमायला लागलं.

आणि तो कापडाचा तुकडा! ब्रिजपाशी तारांवर फेल्टची (जाड लोकरी कापडाची) पट्टी चिकटवून, कडक पिकने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने) वाजवणं. "बेस बोटांनीच वाजवायचा असतो" म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी पत्र्याच्या छपराच्या मंगल कार्यालयात एकदा वाजवून बघावं. खालचा ई सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. तो तिथे घुमत राहतो आणि पुढच्या चार मात्रा गिळतो. फेल्टमुळे तारेचे जादा उपस्वर दबतात, स्वर आखूड होतो, किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) अंगावर जात नाही. पिकमुळे स्वराच्या सुरुवातीचं टोक कानाला कळतं. तुम्ही हे स्टुडिओतल्या माइकसाठी केलंत, मी ते गणपतीच्या मांडवात वापरते.

यातली एकही गोष्ट मला इथे कुणी सांगितली नाही. लोक वाईट होते असं नाही. पण आमच्या धंद्यात सुपारी (कार्यक्रमाचं बोलावणं) एक आणि वाजवणारे चार, मग युक्ती सांगून आपलीच नाइट कशाला घालवायची? एक ज्येष्ठ वादक तर मी बघतेय असं दिसलं की अंग वळवून वाजवायचे. आणि तुम्ही, धंदा तुमचा ऐन भरात असताना, १९६९ मध्ये, सगळं छापून मोकळ्या झालात! स्वतःची प्रकाशन संस्था काढून एकामागून एक पुस्तकं काढलीत. हा मोकळेपणा मला तुमच्या वाजवण्याहूनही मोठा वाटतो.

वाजवण्याबद्दल लिहायचं तर पत्र संपणार नाही. दोनच सांगते. 'मिशन इम्पॉसिबल' या मालिकेच्या शीर्षकसंगीताचा बेस. त्याच्या दहा मात्रा तीन-तीन-दोन-दोन अशा पडतात. आमचा झपतालही दहाचाच, पण त्याची विभागणी दोन-तीन-दोन-तीन. आमच्या तबल्यावाल्याला मी हा फरक टाळ्या देऊन दाखवला तेव्हा तो अर्धा कार्यक्रम तेच बडवत होता. दुसरं ग्लेन कॅम्पबेल या गायकाचं 'विचिटा लाइनमन' गाणं, १९६८ चं. सुरुवातीला बेस पायऱ्या उतरत येतो ती जागा तुम्ही सुचवलेली, आणि मधला एकल तुकडा कॅम्पबेल यांनी वाजवला तोही तुमच्याच सहा तारांच्या डॅनइलेक्ट्रो बेसवर. बीच बॉइज या बँडच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमबद्दल मात्र तुम्ही नेहमी सांगता की बेसच्या ओळी बँडच्या ब्रायन विल्सन यांनी स्वतः लिहून आणलेल्या होत्या. स्वतःकडे श्रेय ओढायची आयती संधी असताना ते दुसऱ्याचं आहे म्हणून सांगणारी माणसं थोडी. (मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या काही गाण्यांवर बेस तुमचा की तिथले बेसवादक जेम्स जेमर्सन यांचा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. त्या भांडणात मी पडत नाही.)

तीन तासांचं एक सेशन, ते संपलं की दुसऱ्या स्टुडिओत. अशी तुमची रेकॉर्डिंग अंदाजे १०,००० भरतात म्हणतात. आणि त्यातल्या बहुतेक तबकड्यांवर वाजवणाऱ्यांची नावंच नव्हती. मुंबईतही हेच झालं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस. गोव्याकडच्या या माणसांचं काम घराघरांत ऐकलं गेलं, नावं कितीतरी उशिरा कळली. आमच्या गावोगावच्या वाद्यवृंदात एक बरं आहे. मध्यंतरानंतर निवेदक प्रत्येक वादकाचं नाव घेतो आणि दोन ओळी वाजवायला देतो. माझी पाळी आली की मी 'विचिटा'ची ती उतरण वाजवते. टाळ्या फारशा पडत नाहीत. पडाव्यात अशी जागाही नाही ती.

१९७६ च्या मोटार अपघाताने तुमचं वाजवणं जवळपास थांबलं. १९९४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तुम्ही पुन्हा उभ्या राहिलात, वाजवायला आणि त्याहून जास्त शिकवायला. पुढे तर संगणकावरून जगभर शिकवण्या घेतल्यात. ऐंशीच्या घरातली बाई कॅमेऱ्यापुढे बसून कुठल्या कुठल्या मुलांची बोटं सुधारत होती, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना मी मुद्दाम सांगते. "एवढ्या वयात?" असं त्या विचारतातच.

२०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या संस्थेने मानासाठी तुमची निवड केली आणि नव्वदी गाठलेल्या तुम्ही सरळ नाही म्हणालात. तुमचं म्हणणं असं की स्टुडिओतल्या वादकांचं काम तो मान दाखवत नाही, आणि तुमच्यासारख्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ वादकांना मिळून दिलेलं 'रेकिंग क्रू' हे नाव तुम्हाला कधीच मान्य नव्हतं. ते मागाहून चिकटवलेलं आहे. नावाबद्दल तुमचा राग मला पटतो. एकेकट्याने मेहनत करून कमावलेलं कसब एका टोळीच्या नावाखाली गोळा केलं तर कुणालाही झोंबेल. पण बाई, मनातलं सांगू? तुम्ही जायला हवं होतं. भाषण न करता, नुसता बेस गळ्यात अडकवून आठ मात्रा वाजवून आला असतात तरी आमच्याकडच्या कितीतरी मुलींनी ते फोनवर बघितलं असतं. तुमचा निर्णय तुमचा, मी फक्त हळहळ कळवते.

माझ्याकडे सध्या येणाऱ्यांत मुली जास्त आहेत. येतात त्या स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) शिकवा म्हणून, कारण रील्समध्ये तेच दिसतं. मी त्यांना आधी टिकटिक दुसरी-चौथीवर लावून देते. कंटाळतात, कुरकुरतात, दोघी-तिघी सोडूनही जातात. ज्या राहतात त्यांना तुमच्या पुस्तकातलं नोटेशन वाचायला बसवते, आणि कुणी काही विचारलं की अंग वळवून बसत नाही. एवढं तरी तुमच्याकडून घेतलंय.

प्रकृतीला जपा. फेल्टच्या पट्टीची एक शंका आहे: पावसाळ्यात इथे चिकटपट्टी सुटते, आणि मी सध्या टेनिसच्या मनगटपट्ट्याचा तुकडा दाबून बसवते. याहून बरं काही तुम्हाला सुचत असेल तर जरूर कळवा.

मनापासून आभार. लोभ असावा ही विनंती.

तुमची,
डोंबिवलीची एक विद्यार्थिनी