४.९ मधले कुंदाचे किती?

दादर, मुंबई

प्रिय दिन्या,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल भेटल्यावर काय बोलायचं ते बोल. आईचा गुडघा ठीक, माझी शुगर आटोक्यात. आज लिहायला बसलोय ते कुंदासाठी, आणि तुझ्या लघुपट स्पर्धेच्या गुणपत्रिकेसाठी.

तिची भूमिका गेली. ऑडिशन झाली, लूक टेस्ट झाली, तारखा घेऊन ठेवल्या, आणि मंगळवारी निरोप आला की तिच्या मागच्या सिनेमाचं नेटवरचं रेटिंग ४.९ आहे, निर्माते नको म्हणतायत. सिनेमा त्यांच्यातल्या कुणीही पाहिलेला नाही. तिने मला एवढंच विचारलं, "४.९ मधले माझे किती रे?" तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही.

कुणाला सांगता येणार ते? आयएमडीबीवर, म्हणजे प्रेक्षक सिनेमांना गुण देतात त्या साइटवर, १ ते १० मधला एकच आकडा द्यायचा, तोही अख्ख्या सिनेमाला. पटकथा, गाणी, तिकिटाचे गेलेले पैसे, हिरोवरचा राग, सगळं त्यातच. शिवाय तिथे दिसतो तो आकडा म्हणजे साधी सरासरी नव्हे. मतांना कमीजास्त वजन देतात, आणि ते कसं देतात हे उघड करत नाहीत, म्हणजे कुणी त्यात घोळ करू नये. लाखभर मतं पडलेल्या सिनेमाला बारा रागावलेल्या माणसांनी काही होत नाही. आपल्या छोट्या मराठी सिनेमाला कधीकधी पन्नास-साठच मतं पडतात. समजण्यापुरती साधी सरासरी धर. चाळीस जणांनी ७ दिले. मग कुठल्यातरी ग्रुपवर ठिणगी पडली आणि बारा जणांनी १ देऊन टाकला. बेरीज २९२, भागिले ५२, आले ५.६. तेच बारा जण निर्मात्याचे भाचे-पुतणे असते आणि त्यांनी १० दिले असते, तर ७.७. आणि दोन्ही वेळा रांगेतल्या मधल्या माणसाचे गुण सातच! आकडा पाहायचाच असेल तर मतं किती पडली आणि १ पाशी, १० पाशी किती ढीग साचलाय ते आधी पाहावं. दोन्ही टोकांना ढीग आणि मध्ये खड्डा असेल, तर ती मारामारी आहे, मत नव्हे.

टक्केवारीवरून आपण प्लाझा थिएटरबाहेर भांडलो होतो, आठवतं? हातातला वडा गार झाला तरी तू रॉटन टोमॅटोजची, त्या समीक्षा गोळा करणाऱ्या साइटची, बाजू सोडेनास. आज पुन्हा भांडतो. ती टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांनी बरं म्हटलं, एवढंच. किती बरं, ते त्यात नाही. साठ टक्क्यांपासून 'फ्रेश', म्हणजे चांगला, असा शिक्का. दहाच्या दहा जणांनी पाचपैकी तीन तारे देऊन 'बरा आहे' म्हटलं की १०० टक्के. सहा जणांनी पाच तारे दिले आणि चौघांनी दोन, तर ६० टक्के, पण सरासरी ३.८. मी तो दुसरा सिनेमा आधी पाहीन. जोखीम घेतलेला अभिनय मला तरी अशाच सिनेमांत जास्त सापडलाय.

पण आकड्यांहून मला समीक्षेतलं ते ठरलेलं वाक्य खुपतं, 'इतरांची साथ चांगली'. कुंदाच्या वाट्याला तेही नाही. एकाने लिहिलं, 'शेवटचा उद्रेक एकदम येतो.' येणारच! त्याआधीचा स्वयंपाकघरातला प्रसंग लांबी कमी करताना एडिटला उडाला. चढण कापून शिखर तेवढं ठेवलं, आणि दोष नटीला. सेटवरचं तर तुला ठाऊकच आहे. मास्टर, म्हणजे अख्ख्या प्रसंगाचा शॉट, झाला की आधी मोठ्या नटाचे क्लोजअप. कुंदासारख्यांचा क्लोज शिफ्ट संपता संपता, तोवर समोरचा नट व्हॅनमध्ये, त्याची वाक्यं वाचायला असिस्टंट, आणि नजर टेकवायला स्टँडवर टेपचा तुकडा. मरणाचा सीन पहिल्या दिवशी, लग्नाचा शेवटच्या. मग महिन्याभराने डबिंग. सेटवर जे कुजबुजत बोलली ते काचेच्या खोलीत, ओठ जुळवत, श्वास मोजत. तिथे आवाज दुसऱ्याच बाईचा लावला तर अर्धं काम त्या बाईचं, आणि तिचं नाव कुणी वाचत नाही. यातलं बरंचसं समीक्षकाला दिसणार नाही, मान्य. पण 'अभिनय उथळ' लिहिण्याआधी एवढं तर पाहता येतं: समोरचा बोलत असताना ती ऐकते का, आणि तोच राग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी येतो का. ते तिचं. रिअ‍ॅक्शन किती वेळ पडद्यावर राहिली, ते एडिटरचं.

आपल्याकडे हे जुनंच आहे म्हणा. 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, पण त्यात आई झालेल्या वनमालाबाईंना अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळणं शक्यच नव्हतं. तसा विभागच नव्हता. तो आला १९६७ च्या चित्रपटांपासून, तेव्हा नर्गिस आणि उत्तमकुमार. सहाय्यक भूमिकांना १९८४ च्या चित्रपटांपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या पहिल्याच वर्षी आपल्या रोहिणी हट्टंगडी, 'पार्टी'साठी. श्याम झालेल्या माधव वझे यांच्यासाठी बालकलाकाराचा पुरस्कार नव्हता. 'श्वास'च्या वेळी तो होता, म्हणून अश्विन चितळेला मिळाला.

म्हणून आता तुझ्या लघुपट स्पर्धेच्या गुणपत्रिकेबद्दल सांगतो. 'अभिनय, २० पैकी' असा एकच रकाना ठेवू नका, त्यात सगळ्यांचं मिळून एक सरबत होतं. प्रत्येक कलाकाराची ओळ वेगळी. निवडलेले प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. आवाज कुणाचा ते प्रवेशअर्जातच विचारा. चर्चेआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून पाकिटात टाकायचे, नाहीतर पहिला बोलणारा निकाल लावतो. आणि गुणांची सरळ बेरीज नको. एक परीक्षक सगळ्यांना ६० ते ६५ मध्ये बसवतो, दुसरा ३० पासून ९० पर्यंत फिरतो. बेरीज केली की निकाल त्या दुसऱ्याचा एकट्याचा. आधी प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून कलाकारांचे क्रम लावा, मग क्रमांची बेरीज. प्रमुख की सहाय्यक हे निर्मात्याच्या अर्जावर सोडू नका, तुम्ही ठरवा, आणि आधी ठरवा. १९४४ च्या 'गोइंग माय वे'साठी बॅरी फिट्झगेराल्डला एकाच भूमिकेची दोन्ही विभागांत ऑस्कर नामांकनं मिळाली होती, त्यानंतर नियम बदलावा लागला. आणि ज्याने सगळे लघुपट पाहिले नाहीत त्याचं मत धरू नका. ऑस्करवाल्यांनीसुद्धा अंतिम फेरीसाठी ही अट २०२५ मध्ये घातली, इतकी साधी गोष्ट!

वहिनींची बदली रद्द झाली का? चिनूला दहावीचं टेन्शन देऊ नकोस. छपराचं काम पावसाआधी उरकून घे.

कुंदाची शोरील, म्हणजे तिच्या निवडक कामाची फिल्म, सोबत पाठवतोय, तीन मिनिटांची. कापलेला स्वयंपाकघराचा प्रसंग दिग्दर्शकाने तिला दिलाय, तो सुरुवातीलाच लावलाय. आधी आवाज बंद करून बघ.

तुझा,
अन्या