साताऱ्याला याल तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सप्टेंबरच्या अखेरीस साताऱ्याला येण्याचे तुम्ही नक्की केलेत, हे वाचून फार बरे वाटले. बघण्यासारखी ठिकाणे क्रमाने लिहून पाठव, असे बाबांनी कळवले आहे. परंतु तशी यादी हाती पडली की ती पुरी केल्याशिवाय बाबा थांबणार नाहीत आणि आईच्या गुडघ्यांचे हाल होतील. म्हणून येथील डोंगर आणि राने कोणत्या चालीने पाहायची, तेवढे लिहिते.

अजिंक्यताऱ्यासाठी वेगळा बेत करण्याची गरज नाही. किल्ला शहराच्या डोक्यावरच आहे, वर जाण्यासाठी गाडीरस्ता आहे आणि पहाटे निम्मे सातारकर तेथे फिरायला गेलेले असतात. बाबांना चढायचे असेल तर पायवाटेने चढता येईल. आई आणि मी गाडीने जाऊ.

कासला मात्र पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर, यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर हे पठार लागते. कासच्या तलावाचे पाणी साताऱ्याच्या काही भागांना पिण्यासाठी येते, त्यामुळे गावाचा या डोंगराशी संबंध केवळ फुलांच्या हंगामापुरता नाही. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवरून तेथे क्षितिजापर्यंत फुलेच फुले असतात असा समज होतो. तशी सलग रंगाची दृश्ये दिसतात, पण ती पाऊस आणि ऊन यांचा मेळ जमला तरच, आणि तीही थोडेच दिवस. आपल्या अकोल्याजवळच्या काटेपूर्णाच्या अभयारण्यात आपण प्राण्यांच्या आशेने लांबवर नजर लावून बसायचो. येथे नजर पावलांजवळ ठेवावी लागते.

पठारावर सगळीकडे जांभा खडक आहे आणि त्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की मोठ्या झाडाची मुळे तेथे धरत नाहीत. पावसाळ्यात पाणी साचते, पुढे तीच जागा तापून कोरडी ठणठणीत होते. अशा ठिकाणी मुख्यतः आपले आयुष्य चार महिन्यांत उरकणाऱ्या बुटक्या वनस्पती टिकतात, आणि येथे फुलझाडांच्या 850 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मातीत पोषण कमी असल्यामुळे काही वनस्पतींनी किडे खाण्याचा मार्ग पत्करला आहे. दवबिंदू नावाची वनस्पती आईला दाखवायची आहे. तिच्या पानांवर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब चमकत असतो. भर दुपारी सगळे दव उडून गेले तरी हे थेंब तसेच असतात. चिलट त्यावर बसले की चिकटते आणि पान हळूहळू त्याच्यावर वळते. शेजारीच ओलसर जागी सीतेची आसवे ही निळसर जांभळी, नाजूक फुले दिसतील. ती दिसायला गरीब, पण त्यांच्या मुळाशी चिखलात बारीक पिशव्या असतात आणि त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा आणि पांढरे गेंद तर कोणी न दाखवताही दिसतील.

जागतिक वारसा म्हणून जपलेल्या जागेत गुरे कशी चरू देतात, हा बाबांचा प्रश्न योग्य आहे, आणि कृषी खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला तो पडणारच. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांना हा दर्जा दिला; त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. गर्दी आवरण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घालण्यात आले होते. गुरे थांबल्याने गवत माजते, त्याच्या सावलीत ही बुटकी फुलझाडे मागे पडतात आणि वन्य प्राण्यांच्या वाटाही अडतात, असा आक्षेप गावकऱ्यांनी आणि काही अभ्यासकांनी घेतला. पुढे ते कुंपण काढून टाकण्यात आले. केवळ चराईमुळेच फुले टिकतात असे मी म्हणणार नाही, पण शेकडो वर्षे गुरे चरत असतानाच हे पठार फुलत आले आहे, हे नाकारता येत नाही. माझ्या मते गुरांपेक्षा फोटोसाठी फुलांत लोळणाऱ्या माणसांचा उपद्रव अधिक आहे. हंगामात प्रवेश, वाहनतळ आणि देखरेख हे सारे काम आसपासच्या गावांच्या समित्या वन विभागासोबत पाहतात, आणि शिट्टी वाजवून पर्यटकांना वाटेवर आणणारी गावातील मुले पाहिली की मला त्यांचे कौतुक वाटते.

तिसरे ठिकाण बामणोली. कासवरून पुढे उतरले की कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ येतो. पलीकडचे दाट रान कोयना अभयारण्याचे आहे. 1985 मध्ये ते घोषित झाले आणि 2010 पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्या रानातील वासोटा किल्ल्याची चढण तुमच्यासाठी नाही, हे बाबांनी आधीच मान्य करावे. पाण्याची आणि हवेची स्थिती ठीक असेल तर नावेतून थोडे फिरून येऊ. एरवी काठावर बसून पिठले-भाकरी खाऊ.

पक्षी पाहण्याची बाबांची हौस या खेपेला भागणार नाही. त्यासाठी हिवाळ्यात दुष्काळी खटाव तालुक्यातील मायणीला जावे लागते. तेथील तलावांचा परिसर 2021 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला आहे आणि थंडीत तेथे रोहित पक्षी उतरतात. ते पुढच्या खेपेला.

येताना छत्र्या आणू नका. कासच्या वाऱ्यात त्या उलट्या होतात. रेनकोट, आईचा स्वेटर आणि खाली पकड असलेले बूट पुरेत. अकोल्याची उकाड्याची सवय येथे उपयोगाची नाही, पठारावर धुके आले की हुडहुडी भरते. शनिवार-रविवारी कासला अतोनात गर्दी होते, म्हणून मी मंगळवार-बुधवारची रजा टाकणार आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस अकोल्याहून थेट साताऱ्याला येते, तेव्हा पुण्याला गाडी बदलण्याचा खटाटोप करू नये. कासला जाण्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून ठेवलेली बरी, कारण दिवसाला किती पर्यटक सोडायचे ती संख्या ठरलेली असते. तिकीट निघताच तारीख कळवा, म्हणजे मला त्याच दिवशी ती नोंदणी करता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुमची लेक