आजार लपवून बेटावर उतरू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिडनीहून पॅसिफिकच्या बेटांवर जाणाऱ्या क्रूझवर लेख आला होता. फोटो मस्त होते, जेवणाचं वर्णनही खरं आहे, पण शेवटी ज्या टिप्स दिल्यात त्यातली एक वाचून मला रात्री झोप लागेना म्हणून हे पत्र लिहितोय. त्यात लिहिलंय की बोटीवर चढताना तब्येतीचा फॉर्म देतात, त्यात उलटी, जुलाब, ताप सगळ्याला बिनधास्त 'नाही' लिहा आणि मधेच पोट बिघडलं तरी बोटीच्या डॉक्टरकडे जाऊ नका, नाहीतर केबिनमध्ये कोंडून ठेवतात आणि बेटं बघायची राहून जातात. साहेब, हे हजारो लोक वाचतात, आता कितीतरी लोकांची मुलं सिडनी मेलबर्नला आहेत, आईवडील भेटायला गेले की मुलं त्यांना ह्याच क्रूझवर पाठवतात, त्यांना असा सल्ला देऊ नका.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. अकरा वर्षं बोटीवर केबिन स्टुअर्ड आहे, त्यातली सहा सात वर्षं ह्याच पट्ट्यात गेली, न्यू कॅलेडोनिया, वनुआतू, फिजी. माझ्याकडे अठरा केबिन असतात. सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक, चादरी, टॉवेल, बाथरूम, कचरा, आणि रात्री पलंगावर टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून ठेवायचं, ते लहान पोरांना फार आवडतं. गेस्टची बाथरूम आम्ही दिवसातून दोनदा बघतो त्यामुळे कुणाचं पोट बिघडलंय हे डॉक्टरच्या आधी आम्हाला कळतं. लपवून काही उपयोग नसतो, फक्त आम्हाला पेचात टाकता.

आम्ही राहतो खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकी नाही, दोघांत एक खोली, वर एक बंक खाली एक बंक आणि बंकला पडदा. तो पडदा ओढला की तेवढीच जागा आपली. कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं, त्यात सुट्टीचा वार नसतो. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की दिवसात निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, हिशोब केलात तर कळेल बाकीचे किती तास कामाचे होऊ शकतात. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, ह्या पगारावर माझं घर झालं आणि बहिणीचं लग्न झालं. सांगायचं कारण एवढंच की असं दाटीवाटीने राहणाऱ्या शेकडो माणसांत एकाला लागण झाली तर ती किती वेगाने फिरते ते डोळ्यासमोर यावं. बोटीवरचा नेहमीचा शत्रू म्हणजे नोरोव्हायरस. लागण झाल्यावर साधारण अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांत उलट्या जुलाब सुरू होतात, आणि माणसाला बरं वाटायला लागलं तरी त्याच्यापासून दुसऱ्याला होऊ शकतो. जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, बुफेचा चमचा, बस. आणि बाटलीतलं सॅनिटायझर चोळून तो नीट जात नाही, साबण आणि पाणीच लागतं, हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनासुद्धा माहीत नसतं.

पण माझं म्हणणं बोटीपुरतं नाही. बोटीवर डॉक्टर आहे, औषध आहे. मला काळजी बेटांची आहे.

वनुआतूच्या एकदम दक्षिणेला अनेत्यूम नावाचं बेट आहे, त्याच्या समोर एक छोटंसं बेट, इनयेउग, क्रूझवाले त्याला मिस्ट्री आयलंड म्हणतात. चालत फेरी मारली तर पाऊण तासात संपतं. तिथे कुणी राहत नाही, रात्री तिथे भुतं असतात अशी त्यांची श्रद्धा आहे. बोट यायच्या दिवशी समोरच्या अनेत्यूमवरून माणसं लहान लहान होड्यांतून येतात, झाडाखाली बाजार मांडतात आणि आमची बोट निघाली की सगळं आवरून परत जातात. धक्का नाही, आमची बोट लांब नांगर टाकते आणि गेस्टना टेंडरने, म्हणजे बोटीवरच्याच छोट्या होडीने, किनाऱ्यावर नेतात. क्रूपैकी ज्यांची आयपीएम म्हणजे बोटीवर थांबायची पाळी नसते त्यांना दुपारी तास दोन तास मिळतात. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला रडूच आलं, कारण सगळी झाडं माझ्या ओळखीची. नारळ, जास्वंद, चाफा, अळू. आणि एक बाई बसली होती तिच्यापुढे केवड्याच्या पानांच्या टोपल्या. आमच्याकडे केवड्याचं कणीस देवाला वाहतात, ते त्याच जातीची पानं सुकवून, चिरून, विणून त्याच्या चटया आणि टोपल्या करतात. तिची बोटं बघत मी पंधरा मिनिटं उभा होतो, पट्टी वाकवायची, खालून काढायची, अंगठ्याने दाबायची, आणि न बघता, मांडीवर पोर झोपलेलं. मी म्हटलं 'टँक्यू टुमास', तेवढंच मला त्यांच्या बिस्लामा भाषेत येत होतं, तर ती एवढी हसली. दुसरीकडे लॅपलॅप विकत होते, किसलेलं कंद नाहीतर केळं नारळाच्या रसात कालवून पानात बांधून तापलेल्या दगडांवर भाजतात, आमच्या आजीने केलं असतं तर असंच केलं असतं.

त्याच छोट्या बेटावर गवताची धावपट्टी आहे. लोक त्यावर उभं राहून फोटो काढतात. अनेत्यूमचं विमानतळ म्हणजे तेवढंच. समोरच्या गावात कुणी खूप आजारी पडलं आणि मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं झालं तर आधी होडीतून इथे आणायचं, मग छोटं विमान येईल तेव्हा राजधानी पोर्ट व्हिलाला न्यायचं. समुद्र खवळलेला असेल तर होडी पण नाही.

आता माझी चूक सांगतो. २०१६ मध्ये, मी नवीनच होतो, माझ्या एका केबिनमधले गेस्ट आदल्या रात्री उलट्या करून बेजार, आणि मला हात जोडून म्हणाले कुणाला सांगू नको, उद्या बेट आहे, पोरांना प्रॉमिस केलंय. मी गप्प बसलो. नवीन होतो, गेस्टने तक्रार केली तर काय ही भीती होती. ते उतरले, पोरांना घेऊन दिवसभर फिरले, केसांच्या वेण्या घालून घेतल्या, नारळपाणी प्यायले. चार दिवसांत आमच्या बोटीवर कोड रेड, म्हणजे बुफेला गेस्टनी हात लावायचा नाही, सगळं आम्ही वाढायचं, दिवसरात्र क्लोरीनने पुसायचं. माझा बंकमेट आजारी पडला, त्याच्या केबिनी पण मला मिळाल्या. ते चालतं. पण तीन आठवड्यांनी आम्ही परत त्या बेटावर गेलो तर बाजार अर्धाच, ती टोपल्यावाली बाई नाही. तिच्या शेजारणीने पोटावर हात ठेवून खुणेने सांगितलं, पोरं आजारी. आमच्याच बोटीमुळे झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पाण्यामुळे झालं असेल, आणखी कशाने झालं असेल. पण मला माहीत आहे की मी बोललो नव्हतो.

तेव्हा माझा बंकमेट वनुआतूचाच होता, अनेत्यूमच्या शेजारच्या ताना बेटावरचा. बरा झाल्यावर एका रात्री पडद्याच्या आडून त्याने मला सांगितलं की अनेत्यूमवर मिशनऱ्यांनी बांधलेल्या भल्यामोठ्या दगडी चर्चचे अवशेष आहेत, शेकडो माणसं मावतील एवढं, आणि मग त्यात बसायला माणसंच उरली नाहीत. १८६१ ला जहाजातून गोवर आला आणि बेटाचा मोठा हिस्सा गेला. त्यानंतर मी फिजीच्या, सामोआच्या क्रूला विचारायला लागलो, काही वाचायला लागलो, तर प्रत्येकाकडे एक जहाज आहे. फिजीचा राजा ठाकोम्बाउ सिडनीला गेला होता, तिथे त्याला गोवर झाला, १८७५ च्या जानेवारीत ब्रिटिश नौदलाच्या 'डायडो' जहाजाने परत आला, त्याच्या मुलांना झाला, ठिकठिकाणचे सरदार भेटायला जमले आणि आपापल्या गावी घेऊन गेले. काही महिन्यांत जवळपास ४० हजार माणसं मेली. सिडनीहूनच, साहेब, जिथून आमची बोट सुटते. चार वर्षांनी १८७९ मध्ये कलकत्त्याहून 'लिओनिडास' जहाज आपल्या गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांना, घेऊन फिजीला पोचलं, त्यावर कॉलरा आणि देवी, तेव्हा तिथल्या ब्रिटिश सरकारने शहाणपणा करून सगळ्यांना आधी वेगळ्या बेटावर क्वारंटाइनमध्ये ठेवलं. सुव्यात बाजारात फिरलो की त्यांची पणतवंडं दुकानातून हिंदीत हाक मारतात, कहां से आया भैया, आणि मला प्रत्येक वेळी ते जहाज आठवतं.

सामोआचं तर ऐकवत नाही. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून 'तालूने' नावाची बोट सामोआच्या एपिया बंदराला लागली, बोटीवर इन्फ्लुएंझाचे रोगी होते तरी उतरू दिलं. साधारण ८,५०० माणसं मेली, पाचातलं एकाहून जास्त. आणि शेजारच्याच अमेरिकन सामोआने बोटी अडवल्या, तिथे त्या साथीत एकही माणूस मेला नाही. हे जुनं झालं म्हणाल तर २०१९ घ्या, त्याच सामोआत पुन्हा गोवर, ८३ मृत्यू, बहुतेक लहान लहान पोरं. लस न घेतलेल्यांच्या घराबाहेर लाल कापड बांधायला सांगितलं होतं, सगळा देश दोन दिवस बंद ठेवून लसवाले दारोदार फिरले. आमच्या लॉन्ड्रीतला एक सामोअन मुलगा त्याच्या गल्लीतली लाल कापडं मोजून सांगायचा.

म्हणून पुढे जेव्हा पुण्याचे काका काकू माझ्या केबिनमध्ये आले तेव्हा मी काय केलं ते सांगतो. मुलाकडे सिडनीला आलेले, पहिलीच क्रूझ. आमच्या बिल्ल्यावर नाव आणि देश असतो, काकूंनी आडनाव वाचून लगेच विचारलं, कोकणातला का रे, आणि डब्यातले दोन बेसनाचे लाडू टिश्यूत गुंडाळून हातात दिले. आठ महिन्यांत कुणी मराठीत बोललं की काय होतं ते बोटीवर राहिलेल्यालाच कळेल. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर काका पांढरेफटक, बाथरूम बघून कळलंच. काका म्हणाले, "बाळा, रात्री जरा जास्त झालं जेवण, बाकी काही नाही. उद्या ते बेट आहे, कुठे बोलू नकोस. आपल्याच माणसाला अडकवशील का?" मी म्हटलं काका, मला फोन करावाच लागेल. आणि त्यांच्यासमोरच केला. अर्ध्या तासात नर्स आली, दोघांना केबिनमध्ये राहायला सांगितलं, मग केबिन साफ करणारी वेगळी टीम मास्क, गाऊन घालून, लाल पिशव्या घेऊन. दुसऱ्या दिवशी बेट समोर दिसत होतं आणि काकू बाल्कनीत उभ्या राहून बघत होत्या, मला टेंडरवरून दिसल्या. काका शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन करीन.

आणि कोंडून ठेवतात म्हणजे काय ते पण लिहायला पाहिजे होतं. जेवण दाराशी येतं, पाणी, सूप, भात सगळं मिळतं, डॉक्टर तपासतात, आणि लक्षणं थांबल्यावर साधारण ४८ तासांनी बाहेर सोडतात. २०२० मध्ये आम्ही क्रूवाले मनिलाच्या खाडीत नांगरलेल्या बोटीवर आठवडेच्या आठवडे एका केबिनमध्ये होतो, घरी जायची तारीख कुणाला माहीत नव्हती, त्यामुळे मला कोंडणं म्हणजे काय ते माहीत आहे. दोन दिवसांसाठी एवढं घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

ह्यातून कुणी असा अर्थ काढू नका की ह्या बेटांवर जाऊ नये. उलट जा. मार्च २०२० पासून जुलै २०२२ पर्यंत वनुआतू बंद होतं, बोट नाही तर अनेत्यूमच्या त्या बायांना विक्री नाही, शाळेची फी त्याच पैशातून जाते असं मला एकीने सांगितलंय. आम्ही परत गेलो तेव्हा किनाऱ्यावर गाणी म्हणत उभे होते, आणि माझी टोपल्यावाली पण होती, मांडीवरचं पोर आता वाळूत पळत होतं. तर जा, त्यांच्याकडूनच नारळ घ्या, वेणी घालून घ्या, ऑस्ट्रेलियन डॉलर चालतात, सुटे न्या. फक्त निघायच्या आधी फॅमिली डॉक्टरला गोवर आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारा, फॉर्ममध्ये खरं लिहा, साबणाने हात धुवा, पोट बिघडलं तर स्टुअर्डला स्वतःहून सांगा.

माझी एवढीच विनंती की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच अक्षरात, ती टिप मागे घेतल्याचं छापा. लेख लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी आनंदाने लिहिलंय, त्यांना हे माहीत नसेल. शक्य झालं तर लवकर छापा, कारण मी ह्याच महिन्याच्या २३ तारखेला मुंबईहून जॉइन व्हायला निघतोय, आणि सिडनी सोडल्यावर आमचं पहिलं बेट तेच आहे.

आपला एक वाचक,
केबिन स्टुअर्ड, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग