टक्केवारी छापता, छेद कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची बातमी आली की मथळ्यात टक्केवारी असतेच. ती कशाच्या किती टक्के, हे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत सापडत नाही. प्रयोगशाळेत हेच आकडे रोज भरत असल्याने लिहावेसे वाटले.

कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून तपासायला, नमुना येतो कोणाचा? बहुतेकदा दोन औषधे होऊनही ताप न उतरलेल्याचा, नाहीतर अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा. साध्या गोळीने बरा झालेला आमच्यापर्यंत पोचतच नाही. त्यातून एकाच रुग्णाचे रक्त आठवड्यात तीनदा आले, तर तोच जिवाणू तीनदा मोजला जातो. म्हणून एकत्रित अहवालात प्रत्येक रुग्णाचा त्या जातीचा पहिलाच जिवाणू धरावा, आणि असे किमान 30 नसतील तर टक्केवारी काढू नये, असा संकेत आहे. 'हूनेट' हे मोफत सॉफ्टवेअर ही गाळणी लावून देते. तरी ती न लावलेले आकडे फिरतात आणि ते वाचून डॉक्टर थेट शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधाला हात घालतात.

दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवली की तिच्याभोवती वाढ न झालेले वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मोजायचा. ई. कोलाय या जिवाणूसाठी मेरोपेनेम या प्रतिजैविकाचा व्यास 18 मिमी आला, तर अमेरिकेतल्या सीएलएसआय संस्थेच्या जुन्या निकषांनुसार तो जिवाणू 'सेन्सिटिव्ह' (औषधाला दाद देणारा) ठरे. 2010 मध्ये निकष कडक झाले आणि तेच 18 मिमी 'रेझिस्टंट' (दाद न देणारे) झाले. नवे निकष लागू होताच आलेख उसळतो, जिवाणू होता तसाच असतो! ज्यांनी नुसते 'एस' किंवा 'आर' लिहिले, त्यांना जुन्या नोंदी नव्याने लावता येत नाहीत. मिलिमीटर लिहून ठेवणाऱ्यांना येतात. मला विचाराल तर महागड्या यंत्रापेक्षा ही सवय मोलाची.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुरू केलेली, औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर नजर ठेवणारी 'ग्लास' ही यंत्रणा देशांकडून एकूण किती रुग्णांचे नमुने तपासले हेही मागते. शिवाय वय, लिंग, संसर्ग रुग्णालयात झाला की बाहेर. हा शेवटचा रकाना भरणे अवघड, कारण तपासणीच्या कागदावर रुग्ण दाखल झाल्याची तारीखच अनेकदा नसते.

यापुढे टक्केवारी छापताना किती रुग्ण, रक्त की लघवी आणि कोणत्या वर्षीचे निकष, एवढे सोबत द्यावे. मूळ अहवालात ते नसेल, तर 'अहवालात दिलेले नाही' असे छापावे.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाचक