आधी पाने कापली, मग स्कॅन केली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हस्तलिखितांच्या स्कॅनिंगवरचा लेख काल सकाळी वाचला आणि दुपारपर्यंत दुसरे काही सुचले नाही. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे आधी मान्य करतो. पण शेवटच्या परिच्छेदात त्यांनी म्हटले आहे की एकदा उत्तम स्कॅन झाले की मूळ प्रतीची काळजी मिटते. हे पत्र त्या एका विधानासाठी आहे. काळजी मिटत नाही. माझ्या घरातले उदाहरण आहे म्हणून इतक्या ठामपणे लिहितो आहे.

माझे आजोबा कीर्तन करीत. स्वतः पदेही रचीत. वाण्याकडे जमाखर्चाला असते तशा लाल कापडी पुठ्ठ्याच्या उभ्या वहीत बोरूने लिहीत. वहीच्या मागच्या पानांवर उसनवारीचा हिशेब आणि पुढे पदे. डावीकडे दोन बोटे समास सोडलेला असे आणि तो कधी कोरा नसे. चाल कोणती, पद कुठल्या गावच्या सप्ताहात पहिल्यांदा म्हटले, कुठला शब्द लोकांना कळला नाही, हे सगळे समासात. खोडलेल्या शब्दावर फुली मारीत, समासात तशीच फुली काढून तिच्यापुढे नवा शब्द लिहीत. लहानपणी मी त्या फुल्या बोटाने जुळवत बसायचो.

ते 1968 साली गेले. वही माझ्या वडिलांनी देवघराच्या कपाटात, तांबड्या रुमालात, वेखंडाच्या दोन कांड्यांसह ठेवली होती. 1987 मध्ये आम्ही ती एका ग्रंथालयाला दिली. घरी वाळवी लागली होती आणि ग्रंथालयात ती सुरक्षित राहील, अभ्यासकांच्या उपयोगी पडेल असे वडिलांना मनापासून वाटले. नारळ मिळाला, पावती मिळाली. पावतीवर लिहिले होते : 'जुनी वही, नग 1'. पाने किती, कोणाची, कशात बांधलेली, काही नाही. वडिलांनी ती पावती शेवटपर्यंत जपली.

2014 साली माझ्या पुतणीला आजोबांच्या पदांवर काही लिहायचे होते म्हणून आम्ही दोघे तिथे गेलो. ग्रंथपाल सौजन्याने वागले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. दाखल नोंदवहीत शोधायला दीड तास गेला. मग त्यांनी सांगितले, "मूळ वही कशाला हवी? स्कॅन झालंय तिचं, सीडी देतो." मूळच पाहायची म्हटल्यावर त्यांनी ती काढून आणली.

वही नव्या हिरव्या पुठ्ठ्यात बांधलेली होती. फाटक्या पानांवर चिकटपट्टी लावलेली आणि ती पिवळी पडून खालची अक्षरे तपकिरी झालेली. एवढे मी सोसले असते. पण पाने उलटताना पुतणी म्हणाली, "काका, समास कुठाय?" समास नव्हता. बांधणीवाल्याने कडा सारख्या करण्यासाठी वहीचे कटिंग केले होते, तिन्ही बाजूंनी. जिथे समास अगदीच गेला नव्हता, तिथे तो शिलाईत दाबला गेला होता. आजोबांची पदे सगळी आहेत. त्यांच्यावरच्या फुल्याही आहेत. फुलीपुढचा शब्द नाही.

त्या सीडीत प्रत्येक पान लखलखीत दिसते. फुलीची शाई कुठे दाट आहे आणि कुठे बोरू कोरडा पडला, हेसुद्धा दिसते. शब्द मात्र दिसणार नाही, कारण कापले आधी आणि स्कॅन नंतर केले. जे उरले आहे, स्कॅन त्याचेच होते. लेखकाला हे कुणी सांगितलेले दिसत नाही.

स्कॅन करू नका असे माझे म्हणणे नाही. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली, तेव्हा मी ती बातमी कापून ठेवली होती. नकलेचा उपयोग मी जाणतो. देहूच्या वहीचा उल्लेख तुमच्या लेखात आहे, पण तो अर्ध्यावर सोडला आहे. देहूच्या मंदिरातली, तुकोबांच्या हातची म्हणून दाखवली जाणारी ती भिजकी वही. तिच्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे 700 अभंग असल्याची नोंद होती आणि त्यांच्या वेळी जेमतेम 250 उरले होते, असे कवी दिलीप चित्रे यांनी तुकोबांच्या अभंगांच्या आपल्या इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. तिची एक नक्कल पंढरपुरात असल्याचेही त्यांनीच नोंदवले आहे. नक्कल होती म्हणून काय गेले ते निदान कळले, पण गेलेली पाने काही परत आली नाहीत. इंद्रायणीतून वर आली म्हणून ज्या वहीला आपण हात जोडतो, तिची ही गत माणसांच्या हाती झाली.

आणि छापील किंवा स्वच्छ प्रत हाताशी आहे म्हणून मूळ वही सोडून द्यायची असती, तर तुकोबांच्या बाबतीत ते केव्हाच झाले असते. मुंबई सरकारने 24,000 रुपये देऊन इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत काढला, 1869 आणि 1873 साली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. उत्तम छापील गाथा लोकांच्या हाती आला. तरी तुकोबांचे अभंग लिहून घेणारे संताजी जगनाडे यांच्या हातच्या वह्या कुणीतरी राखल्या, म्हणूनच वि. ल. भावे यांना 1919 च्या सुमारास त्यांवरून वेगळा गाथा छापता आला. हेच भावे 1893 मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणाऱ्यांतले. मधली पन्नासेक वर्षे त्या वह्या राखणाऱ्यांनी 'आता छापले गेलेय, काय करायचे हे ओझे?' म्हटले असते तर?

आणखी एक. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा रंग, लावीत आणि त्या पिवळ्या थरावर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. हा हरताळ आपण तोंडाने रोज फासतो, पोथीवर पाहिलेला माणूस मात्र विरळा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये तो थर नुसता मळका डाग दिसतो. खाली आधी काय लिहिले होते हे पाहायला मूळ पान उजेडात तिरपे धरावे लागते. कवीने, लेखकूने कुठे मन बदलले ते तिथेच कळते. खाडाखोड हीच तर हस्तलिखिताची श्रीमंती. शुद्ध पाठ हवा तर छापील पुस्तके आहेतच.

विषय निघाला म्हणून लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही लिहितो. उघड्या पोथीवर हळदकुंकू वाहिलेले, फुले ठेवलेली आणि शेजारी तेवती समई. श्रद्धा मला समजते. माझी आई आजोबांच्या वहीला रोज हात लावून नमस्कार करीत असे, पण रुमाल न सोडता. ओल्या फुलांचे पाणी आणि कुंकवाचा डाग कागदावरून निघत नाही. असे छायाचित्र कौतुकाने छापल्यावर उद्या गावोगावच्या वाचनालयांत तसेच पूजन होईल. कृपया पुन्हा छापू नका.

ग्रंथालयांना एवढीच विनंती आहे की वही आली त्याच दिवशी पाने मोजून लिहून ठेवा, समासात मजकूर असेल तर तशी नोंद करा आणि हस्तलिखित बांधणीवाल्याकडे कधीही पाठवू नका. स्कॅन रंगीत करा. पुठ्ठ्याचे, कोऱ्या पानांचे, हिशेबाचेसुद्धा. आमच्या सीडीत हिशेबाची पाने नाहीत, 'कवितेचा भाग नाही' म्हणून वगळली. आजोबांनी कुठल्या सालच्या दुष्काळात कुणाला किती पायली जोंधळे दिले, ते त्यांच्या पदांच्या मागच्या पानावर होते.

वही दिली तेव्हा एक सुटे पान आईच्या हरिविजयात राहून गेले होते. ते आता माझ्याकडे आहे. त्यावर एक अर्धवट पद आहे, दोन फुल्या आहेत आणि दोन्ही शब्द समासात आहेत. लेखकांना कधी सवड झाली तर त्यांनी जरूर यावे. मी ते पान त्यांच्यासमोर ठेवीन.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
(जि. सातारा)