मॅडम, त्या दिवशी तुम्ही खुर्ची रिकामी केलीत

प्रिय मॅडम,

परवा तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची पावती हातात पडली आणि मी तशीच पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या वनस्पतिशास्त्र विभागात गेले. तुमच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाच्या वह्या होत्या. शिपाईकाका म्हणाले, "त्या मॅडमची नेमणूक एप्रिललाच संपली. यंदा नाही घेतलं त्यांना." पुडा तसाच रूमवर आणला. मुलींनी खाल्ले पेढे. माझ्या घशाखाली एकही उतरला नाही.

तुमचा नंबर आहे माझ्याकडे. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कट केला, कारण बोलायला गेले तर नुसती रडत बसेन. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव आणि कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला दर जूनमध्ये नव्यानं मुलाखतीला उभं राहावं लागतं. माझ्या पत्रामुळे तुम्ही कुणाच्या डोळ्यांवर यायला नको.

मागच्या वर्षीचा जून आठवतो का? पालख्या पुण्यात यायला चार-पाच दिवस राहिले होते. माझा पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता आणि चार विषय राहिले होते. पहिल्या सत्रात ऐन परीक्षेच्या तोंडावर डेंग्यू झाला, पंधरा दिवस गावी पडून होते, त्यात रसायनशास्त्राची थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही गेलं. पाया कच्चा राहिला म्हणून दुसऱ्या सत्रातली थिअरीही गेली. शिवाय एक ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयांबाहेरचा आपण निवडलेला विषय. घरी फोनवर एवढंच सांगितलं, "पप्पा, चार राहिले." दुसऱ्या दिवशी धार काढून, डेअरीत दूध घालून, ते ओतूरहून नारायणगावला आणि तिथून एसटीनं वाकडेवाडीला आले. टीसी काढून मला घरी न्यायचं असं ठरवूनच आले होते. रागानं नाही. सदाशिव पेठेतल्या माझ्या कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे दूधबिलातून जात होते आणि पोरगी इथे झुरतेय, असं त्यांना वाटत होतं.

तुम्ही भेटायच्या आधी आम्ही दीड तास ऑफिसच्या खिडकीसमोर उभे होतो. त्या दीड तासाबद्दल मी आजवर गप्प होते, आज लिहिते. खिडकीतल्या माणसानं माझ्या गुणपत्रिकेकडे नीट पाहिलंही नाही. "वर्ष गेलं हिचं. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट मिळतं, ते घ्या आणि जा," म्हणाला. पप्पांनी विचारलं, "साहेब, मग परत यायचं झालं तर?" त्यावर उत्तर आलं, "मुलीला झेपत नाही तर सायन्सला घातलंच कशाला?" तेवढ्यात आमच्या वर्गाचे मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक म्हणून नेमलेले सर, समोरून गेले. मी पळत जाऊन विचारलं. "सगळं वेबसाइटवर आहे, वाचत जा," एवढं बोलून ते जिना चढून गेले.

वाचलं होतं मी. मोबाइलवर ती पीडीएफ उघडून दोन रात्री बसले होते. मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी. पानभर नुसती आद्याक्षरं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीनं त्यातून आपलं वर्ष गेलं की राहिलं हे कसं शोधायचं?

आणि मेंटॉर म्हणजे काय हे तरी आम्हाला कुठे माहीत होतं! वर्षातून दोनदा फॉर्म यायचे. 'मेंटॉरशी झालेली चर्चा' या रकान्यात काय लिहायचं ते फळ्यावर लिहून दिलं होतं: 'अभ्यासाविषयी व करिअरविषयी मार्गदर्शन मिळाले.' अख्ख्या वर्गानं ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली सह्या केल्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवायला ती फाइल असते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तेव्हा मला माझ्या सहीची लाज वाटली. चर्चा झालीच नव्हती आणि मी झाली म्हणून सही केली होती.

मी जिन्याच्या पायरीवर बसून रडत होते आणि पप्पा माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते. तुम्ही वरून उतरत होतात, हातात जर्नलं होती. मी तुमच्या वर्गातली असले तरी चाळीस जणींतली एक. माझं नाव तुम्हाला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही नावानं हाक मारलीत आणि म्हणालात, "वर चल. काका, तुम्ही पण या."

विभागाच्या त्या चिंचोळ्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एक तुमची, आणि दुसरीवर जर्नलांचा गठ्ठा. मला तुम्ही लॅबमधलं स्टूल दिलंत. पप्पा दाराबाहेर चपला काढून उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "मी उभाच बरा, मॅडम. मला काय कळणार त्यातलं." तुम्ही तो सगळा गठ्ठा उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलात, खुर्ची पदरानं पुसलीत, टेबलाजवळ ओढलीत आणि म्हणालात, "काका, बसा. फी तुम्ही भरता ना? मग हे तुम्हाला कळलंच पाहिजे. नाही कळलं तर ती माझी चूक."

मॅडम, त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ केलंत. पण मला रात्री आठवते ती ती खुर्ची. त्या कॉलेजात माझ्या वडिलांना कुणी पहिल्यांदा बसा म्हटलं होतं. पालख्या आल्या की हेच पुणं रस्त्यावर उतरून वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतं, माउली माउली म्हणत हातात चहा-पोहे देतं. माझे पप्पा माळकरी आहेत, ते पुणं त्यांनी वारीत अनुभवलंय. त्याच टोपीतला तोच माणूस ऑफिसच्या खिडकीपुढे आला की त्याला माउली म्हणणारे कुठे जातात, मला कळत नाही.

मग तुम्ही एक कोरा कागद घेतलात आणि पेन बाजूला ठेवून पेन्सिल शोधलीत. "पेननं लिहिलं की ठरल्यासारखं वाटतं. आपण पेन्सिलनं लिहू, म्हणजे बदलता येईल." वर लिहिलंत 44. वर्षाचे एकूण क्रेडिट, म्हणजे विषय पास झालं की खात्यात पडणारे श्रेयांक. राहिलेले चार विषय दोन-दोन क्रेडिटचे, म्हणजे 8 वजा. आणि 36 हा आकडा लिहून त्याभोवती मोठा गोल केलात. "हे बघ, हे तुझं आहे. हे कुणी काढून घेणार नाही." मी इतके दिवस फक्त चार मोजत होते. छत्तीस मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पप्पांना तुम्ही विचारलंत, "काका, डेअरीत दूध घालता ना? रोजचं लिटर आणि फॅट नोंदवतात. एक दिवस दूध नासलं म्हणून मागच्या आठवड्याचं दूध पुसून टाकतात का?" पप्पा म्हणाले, "छे, ते कसं पुसतील? घातलेलं ते घातलेलं." "तसंच हिचं. प्रत्येक विद्यार्थ्याचं असं खातं असतं, 12 आकडी नंबर असतो, मिळवलेले क्रेडिट त्यात जमा राहतात." अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स हे नाव मी प्रवेशाच्या वेळी ऐकलं होतं, नंबरही काढला होता, नेट कॅफेत पन्नास रुपये देऊन. ते कशासाठी हे मात्र त्या दिवशी, डेअरीच्या हिशेबातून कळलं.

त्या सर्टिफिकेटचं ऐकून तुमचा चेहराच बदलला. त्यासाठी किमान 40 क्रेडिट लागतात आणि वर उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. माझ्याकडे 36. म्हणजे खिडकीतल्या माणसाचं ऐकून टीसी काढली असती तर हातात काहीच आलं नसतं, साधं सर्टिफिकेटसुद्धा नाही. आम्ही फॉर्म भरून सहीपर्यंत आलो होतो. मॅडम, एका सहीचं अंतर होतं.

एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, दुसऱ्या वर्षात जाता येईल हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलंत. रसायनशास्त्र कायमचं गळ्यात पडलंय असं मला वाटत होतं. पहिल्या वर्षाचे तीन विषय, त्यातला एक पुढे मेजर म्हणजे मुख्य, एक मायनर म्हणजे दुय्यम, तिसरा सुटतो, हे तुम्ही बाण काढून दाखवलंत. वनस्पतिशास्त्र मेजर, प्राणिशास्त्र मायनर. "पण सुटतो तो पुढे. मागचे क्रेडिट सोडवावेच लागतील, त्यातून सुटका नाही," हेही स्पष्ट बजावलंत. खोटा धीर दिला नाहीत, म्हणूनच माझा विश्वास बसला.

आणखी एक. ओपन इलेक्टिव्ह तोच पुन्हा द्यायचा की बदलता येतो, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "हे मला नक्की माहीत नाही. थांब, विचारते." आणि परीक्षा विभागात फोन लावलात. दोनदा कुणी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. संलग्न कॉलेजांत नवीन रचना 2024-25 पासून लागू झाली, आमची पहिलीच बॅच, सगळ्यांनाच ते नवीन होतं, हे मला मान्य आहे. माहीत नसण्याचा राग मला कुणाचाच नाही. पण माहीत नसताना "वर्ष गेलं" म्हणून सांगायचं, आणि माहीत नाही म्हणून फोन उचलायचा, यातल्या एकामुळे मी घरी चालले होते आणि दुसऱ्यामुळे इथे राहिले.

त्या तासाचे तुम्हाला पैसे मिळाले नाहीत, हे मला आता कळतं. तुमचा पगार घेतलेल्या तासांवर, तोही महिनोन्महिने अडकलेला. जर्नलं तपासायची राहिली होती. दुपारचा डबा तुम्ही तसाच बॅगेत परत ठेवलात, ते मी पाहिलं होतं. विद्यार्थ्याला वाट दाखवणं हे ज्यांच्या कामात लिहिलेलं होतं त्यांना वेळ नव्हता. तुमच्या कामात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ते चारही विषय मी सोडवले. ऑक्टोबरच्या परीक्षेत दोन, मग उरलेले दोन. मेजरला यंदा वर्गात तिसरी आले. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं.

तो कागद पप्पांकडे आहे. तुमच्याकडून निघताना त्यांनी मागून घेतला होता. डेअरीच्या कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलाय. मागच्या सुट्टीत पाहिलं तर पेन्सिल पुसट झाली होती, गोल तेवढा ठळक राहिलाय. "वरनं पेननं गिरवू का?" म्हणून मी विचारलं, तर पप्पा नको म्हणाले.

आई म्हणते, मॅडमना एकदा घरी यायला सांग. भात काढणीच्या आधी आलात तर शिवार हिरवंगार असतं, आणि बांधावरच्या ज्या रानभाज्यांची नावं तुम्ही आम्हाला लॅटिनमध्ये पाठ करायला लावलीत त्यातल्या निम्म्या तिथे उगवलेल्या दिसतील. नारायणगावला उतरलात की फोन करा, पप्पा गाडी घेऊन स्टँडवर येतील.

तुमची विद्यार्थिनी,
लॅबमधल्या स्टुलावर बसलेली