अण्णा मनमिळाऊ नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात निधनवार्तांमध्ये आमच्या अण्णांना चार ओळी मिळाल्या, त्याबद्दल आभार. आता त्या चार ओळींविषयी.

आम्ही कागदावर 'निवृत्त लाइनमन' असे स्वच्छ अक्षरात लिहून दिले होते. तुमच्याकडे त्याचे 'महावितरणचे निवृत्त अधिकारी' झाले. चौतीस वर्षांत साहेबांनी दिले नाही ते प्रमोशन तुम्ही एका रात्रीत दिलेत. शिवाय जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाले, तरी अण्णा शेवटपर्यंत स्वतःला 'बोर्डातला माणूस'च म्हणायचे. ते तुम्हाला कुठून माहीत असणार, सोडा.

पुढचा शब्द 'मनमिळाऊ'. हा आम्ही लिहिलाच नव्हता. तुमच्याकडे बहुधा शिक्काच असावा. सख्ख्या चुलत्याने तारेवर टाकलेला आकडा अण्णांनी भर जत्रेत उतरवला, तेव्हापासून त्या घराशी आमचे लग्नकार्यालासुद्धा येणेजाणे नाही.

त्याच २००५ च्या पुरात, पाणी ओसरल्यावर, डीपीतले तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून ते डब्याच्या पिशवीत घालून घरी आले. आईने डबा धुवायला पिशवी उघडली तर आत चिनीमातीचे तीन ठोकळे! रात्री गल्लीतले पंधरा-वीस जण दारात. लाइट द्या, नाहीतर आम्हीच तार घालतो. अण्णा जेवत होते. उठलेसुद्धा नाहीत. "मीटर ओले आहेत. वाळू देत." पिशवी मांडीखाली सरकवली आणि भात मागितला. तीन दिवस गल्ली आमच्याशी बोलत नव्हती. तुमच्या अंकात तेव्हा 'पूरग्रस्त अजूनही अंधारात' असे छापून आले होते. शॉक लागून कोणी दगावले नाही, याची बातमी होत नसावी.

'कुटुंबवत्सल' तेवढे बरोबर आहे. वळवाच्या रात्री लाइट गेली की आई कंदील लावून बसायची. लाइट आली रे आली की उठून आमटी गरम करायला ठेवायची, म्हणजे अण्णा आता अर्ध्या तासात येणार. आल्यावर आम्हा तिघा भावंडांच्या डोक्यावरून हात फिरवून मगच पानावर बसायचे. आम्ही झोपेचे सोंग घेतलेले असायचे. हाताला रबरी ग्लोव्हजचा वास यायचा.

आणि एक. रक्षाविसर्जन बुधवारी होते, तुम्ही गुरुवार छापलात. त्यामुळे आज सकाळी नऊ वाजता अण्णांचे जुने चार जोडीदार घाटावर उभे. सगळे सत्तरीच्या पुढचे, एक तर तासगावहून एसटीने आलेले. तासभर थांबून शेवटी घरी आले. चहा घेतला, फारसे कोणी बोलले नाही. निघताना त्यातल्या एकाने दाराजवळच्या खांबाकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "जंपर सैल झालाय. वायरमनला सांगा."

वायरमनला सांगितले आहे. तुम्हालाही सांगते: निवृत्त लाइनमन. दुरुस्ती निधनवार्तांच्या जागीच छापा, नेहमीसारखी शब्दकोड्याच्या खाली नको.

आपली वाचक,
सांगली